सुमनबाई, तुमचं कांडप चालू आहे

जाऊबाई, काल मशीन सुरू केली.

तुम्ही गेल्यापासून ती ओसरीत चादरीखाली झाकून होती. तुमचे मालक, आमचे दादा, तिच्याकडे पाठ करून बसायचे. पण आता ऊन तापायला लागलंय. बाजारात मिरचीचे ढीग पडलेत आणि गल्लीतल्या बायका दारावरून जाताना आत डोकावून बघतात. तोंडानं कोणी विचारत नव्हतं. शेवटी मीच चादर काढली, बटण दाबलं. मुसळं खाली-वर व्हायला लागली, मिरचीचा खकाणा उठला आणि मी सवयीनं ओरडले, "पदर घ्या नाकावर!" ओसरीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग मीच माझा पदर नाकावर ओढला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उठला. एकानं तुम्हाला 'यशस्वी महिला उद्योजक' म्हटलं. तुम्ही असतात तर पदराआड हसला असतात आणि घरी आल्यावर मला विचारलं असतंत, "कोण व थे? कोणाबद्दल बोलून राह्यले होते?" मला दोनदा बोलायला सांगितलं. मी मानेनंच नाही म्हटलं. माझ्याजवळ बोलायला होती ती सगळी आपली भांडणं. ती माइकवर काढता येत नाहीत. म्हणून इथं लिहिते आहे. आता मला मधेच तोडून मीठ कुटायला उठून जायला तुम्ही नाही आहात, तेव्हा ऐकून घ्या.

आपण दोघी जावा. मी लग्न होऊन जालन्याकडून मोताळ्यात आले तेव्हा तुमच्या डोक्यात मशीन आधीच शिरलेली होती. उन्हाळ्यात बायका वर्षभराचा काळा मसाला करतात. धने, खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी घरी भाजायचं, मिरची वाळवायची आणि सगळं डब्यात भरून कांडपावर न्यायचं. मोताळ्यात तेव्हा एकच कांडप होतं, बस स्टँडच्या बाजूला, आणि तिथं रांगेत बायकांची अर्धी दुपार जायची. "आपण काऊन नाही करत?" तुम्ही विचारलंत. घरातल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मी नवी नवरी, पण तोंड गप्प बसेना. म्हणाले, "बचत गटातून कर्ज मिळेल." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की त्या क्षणी आपली भागीदारी ठरली. मशीन आणि मसाला तुमच्याकडे, बँक, फोन आणि कटकटी माझ्याकडे. ही वाटणी शेवटपर्यंत तशीच राहिली.

तुमची एक रीत होती, तिच्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. एका घरचा मसाला कुटून झाला की तुम्ही उखळ कोरड्या फडक्यानं पुसायचात, त्यात जाडं मीठ टाकायचात, ते कुटायचात, काढून फेकायचात आणि पुन्हा पुसायचात. मगच दुसऱ्या घरचा डबा उघडायचा. स्टँडवरच्या कांडपावर असलं काही नव्हतं. एकीचा निघाला की दुसरीचा पडला. आपल्याकडे मीठही आपलं आणि वेळही आपला. मी म्हणाले, "जाऊबाई, एवढ्यात आणखी दोघींचं झालं असतं." तुम्ही फडकं झटकत म्हणालात, "नंदे, दुसऱ्याच्या घरची चव हाय थे. तिच्यात तिसऱ्याची मिसळू नये." मला तो हट्ट वाटला. उन्हाळा संपायच्या आत बायकांना मात्र फरक कळला. वर्षभर भाजीला आपल्याच घरचा वास आला की बाई पुढल्या साली दुसरीकडे कशाला जाईल?

पण सगळ्या बायका आल्या नाहीत, हे तुम्हीही विसरला नव्हतात आणि मीही नाही. मशीन आली त्या वर्षी वरच्या आळीच्या बायका डोक्यावर डबे घेऊन आपल्या दारावरून पुढं जायच्या, स्टँडकडे, उन्हातान्हात. आपलं आडनाव गावाला माहीत होतं. मी आतल्या आत जळायचे. तुम्ही मशीन मुद्दाम ओसरीत लावली होती, रस्त्यावरून सगळं दिसावं म्हणून. आणि दुसरं काय केलंत, तर लांब दांड्याचा कलथा आणलात. बाईनं स्वतः डबा उखळात रिकामा करायचा, स्वतःच काढून घ्यायचा, तुम्ही फक्त कलथ्यानं खालीवर करायचं. हात लावायचा नाही. मला ते सहनच होईना. "आपण का म्हणून हात आखडायचा? आपल्या हाताला काय झालंय?" मी चार बायकांदेखत बोलले. तुम्ही त्या गेल्यावर म्हणालात, "आपल्या हाताले काही झालं नाही. पण 'हात लाव' थे त्यायच्या तोंडून निघू दे. मले घाई नाही."

तुम्हाला घाई कधीच नव्हती. मला नेहमीच होती.

मग रोहिणखेडच्या पाटीलकाकू आल्या. रोहिणखेडहून एसटीनं येऊन तडक आपल्याकडे, कारण स्टँडवरच्या कांडपाची मोटर जळाली होती. तशी अडल्या नडल्याचीच गोष्ट. डबा उखळात रिकामा करून त्या पोत्यावर अंग चोरून बसल्या. तुम्ही कलथा घेऊन उभ्या. मधेच त्या म्हणाल्या, "काय व सुमन, त्या कलथ्यानं काय समजते? हातानं पाह्य ना बारीक झाला का." तुम्ही कलथा भिंतीला टेकवलात. मग दोन बोटांत चिमूट घेतलीत, चोळलीत आणि म्हणालात, "आणखी थोडा लागन काकू." त्या दिवसापासून कलथा भिंतीला टेकलेला राहिला. तुम्ही खूश होतात. मी नव्हते. मला वाटत होतं, हात लावायला परवानगी मिळाली याचा कसला आनंद?

यावरूनच आपलं कायमचं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, "आपण त्यांचा कुटतो. त्या पैसे टाकतात, डबा उचलतात, जातात. पण आपल्या घरचा मसाला त्यांच्या भाजीत पडेल का, एवढं सांगा." तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. फडकं घ्यायचात आणि उखळ पुसायला लागायचात. वर्षानुवर्षं मी तोच प्रश्न विचारला आणि वर्षानुवर्षं तुम्ही उखळ पुसलंत. मी धरून चालले होते की याला उत्तर नाही आणि हे भांडण मी जिंकलेलं आहे.

धंदा वाढला तो मात्र माझ्यामुळे नाही, हे मी मान्य करते. पाटीलकाकूंची मुलगी स्मिता लग्न होऊन पुण्याला गेली. पहिल्याच वर्षी तिचा फोन आला, "काकू, इथल्या पाकिटातल्या मसाल्यानं भाजी आईसारखी होतच नाही. तुम्ही आईचाच मसाला करून पाठवाल का?" तुम्ही सामान आणलंत, भाजलंत, कुटलंत आणि बुलढाण्याहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डबा दिला. स्मितानं मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण होती धामणगाव बढ्याची. मग तिला तिच्या आईचा हवा. मग कोणाला सासूचा, कोणाला मेलेल्या आजीचा, तो मावशीला माहीत असलेला. पुणे, नाशिक, सुरत. जिथं जिथं आपल्या भागातल्या मुली गेल्या, तिथं तिथं डबे जायला लागले. प्रत्येक डबा वेगळा. कोणाकडे खसखस, कोणाकडे तीळ. कोणाचा भडक, कोणाचा नुसताच काळा. आणि प्रत्येक डब्यानंतर मीठ, फडकं, पुन्हा फडकं.

मी वेडी व्हायची बाकी होते. असा धंदा जगात कोण करतं? मी म्हणाले, लिहून तरी ठेवू या. तुम्ही म्हणालात, "कायले लिवाचं? आपलं थोडीच हाय थे?" मी म्हणाले, आणखी एक मशीन घेऊ, दोन बायका कामाला ठेवू. तुम्ही म्हणालात, "पुढल्या सीझनले पाहू." मी पुढच्या सीझनला विचारलं, तेव्हाही पुढचा सीझन होताच. जितकं आपल्या उखळातून नीट निघेल तितकंच घ्यायचं, उरलेल्याला हात जोडून नाही म्हणायचं, असा तुमचा कायदा. एकदा तर ऐन एप्रिलमध्ये, अंगणात डब्यांची रांग असताना, तुम्ही मशीन बंद करून मोकळ्या झालात, कारण माझं बाळंतपण आलं होतं. आलेल्या बायकांना तुम्ही स्वतः स्टँडवरच्या कांडपाकडे पाठवलंत. मी कळा सोसत तुमच्यावर चिडले होते. तुम्ही माझी पाठ चोळत म्हणालात, "गिऱ्हाईक वापस येते व माय. तू आंधी मोकळी हो." आणि खरंच, पुढच्या वर्षी त्यातली एकही बाई स्टँडवर गेली नाही. त्या दिवसांत तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. जावा-जावांत ते मानायची पद्धत नसते म्हणून राहून गेलं. आज मानते.

पण एक गोष्ट मी तुम्हाला माफ करणार नाही. तुमचा दमा. एवढी वर्षं मिरचीच्या धुरळ्यात उभं राहून तो तुमच्या छातीत घर करून बसला आणि तुम्ही पदराची एक घडी वाढवण्यापलीकडे काही केलं नाही. धुरळा बाहेर ओढणारा पंखा मी आणून ठेवला, तो तुम्ही लावू दिला नाही, का तर त्याच्या आवाजात मसाल्याचा आवाज ऐकू येत नाही. दुसरी बाई ठेवली नाही, का तर उखळ पुसायचं ध्यान ती ठेवणार नाही. धंदा बेताबेतानं वाढवायचा, सामान उधळायचं नाही, गिऱ्हाईक ताणायचं नाही, हे सगळं तुम्हाला समजत होतं. फक्त स्वतःच्या अंगाचा बेत तुम्हाला जमला नाही. सगळा धंदा तुमच्या एका छातीवर उभा होता आणि ती छाती थंडीत बसली. बुलढाण्याला नेताना राजूर घाटात तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि काच खाली करायला सांगितलीत. मी काच खाली केली. वारा लागला तरी तुमचा श्वास काही मोकळा झाला नाही. तुम्हाला बरोबर म्हणायला मी आज बसले आहे खरी, पण या एका बाबतीत तुम्ही चुकलात, जाऊबाई, आणि त्या चुकीची भरपाई होत नसते.

त्याआधी दिवाळीत तो व्यापारी आला होता. जळगावकडचा. पांढरी गाडी, हातात दोन मोबाईल, बोलायला गोड. त्याला 'वऱ्हाडी काळा मसाला' पाकिटात घालून मोठ्या दुकानांत विकायचा होता. आपण एकच चव ठरवायची, त्याच्या नव्या मशीनवर कुटायचा, भरपूर कुटायचा, तो दर महिन्याला उचलणार. मशीन त्याची, पाकीट त्याचं, पाकिटावर नाव त्याचं. चव मात्र पाटीलकाकूंकडची हवी होती, कारण स्मिताकडे तो जेवला होता आणि बोटं चाटत उठला होता. एकच चव म्हटल्यावर उखळ पुसायचा प्रश्नच नाही, हेही त्यानं हसत सांगितलं.

मी तयार होते. नुसती पैशासाठी नाही. खरं कारण तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ते इथं पुन्हा सांगते. मला वाटलं, पाकिटावर आपलं आडनाव नसेल, आपला हात दिसणार नाही, आणि म्हणूनच तो गावोगावच्या चुलीवर जाईल. वरच्या आळीतही जाईल. कोणी न विचारता आपल्या हातचं खातील. मला त्यात बदला घेतल्यासारखा आनंद वाटत होता.

तुम्ही मिरचीचे देठ खुडत होतात. खुडता खुडता म्हणालात, "नाव झाकूनच खाऊ घालाचं होतं त मशीन ओसरीत काऊन लावली असती? मांगं परसात नसती लावली?"

मी म्हणाले, "मग उघड्या नावानं खातंय का कोणी?"

तुम्ही पुढची मिरची उचललीत. जरा वेळानं एवढंच म्हणालात, "विचारून सांगतो." तुमच्या वऱ्हाडीत बाईसुद्धा 'सांगतो'च म्हणते, त्याची मला कधीच सवय झाली नाही. मला वाटलं, दादांना विचारणार. थंडी पडली, तुमचा दमा वाढला, आणि ते सांगणं राहिलं ते राहिलंच. तुम्ही गेल्यावर मी दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मले धंद्यातलं तिनं कधी काही पुसलंच नाही."

मग हा सीझन आला. पुण्या-नाशिकचे फोन सुरू झाले. अर्ध्या मुलींना तुम्ही गेल्याचं माहीत होतं, त्या आधी रडायच्या आणि मग चाचरत विचारायच्या, "काकू, आईचा मसाला या वर्षी...?" मला काय येत होतं? पत्ते माहीत, ट्रॅव्हल्सच्या वेळा माहीत. कोणाच्या मसाल्यात काय आणि किती, ते तुमच्यासोबत गेलं असं मी समजून चालले होते. घरातही तेच. आपला स्वतःचा मसाला मी कधी केला नव्हता; तो भाजायला तुम्ही मला चुलीपाशीही येऊ द्यायचा नाहीत, "तू फोन पाह्य" म्हणून हाकलायचात. डब्यात मागच्या वर्षीचा थोडा उरला आहे. भाजी करताना मी तो चिमटीनं टाकते. दादा जेवताना काही बोलत नाहीत, पण ताटाकडे बघत राहतात. तो डबा संपला की या घरातून तुमचा हात कायमचा जाणार, हे आम्हा दोघांना कळत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो. अशात व्यापाऱ्याचा फोन आला. आधी दुःख व्यक्त केलं, मग म्हणाला, "ताई, आता तुम्हालाच ठरवायचंय." मी म्हणाले, कळवते. मनात मी हो म्हणून टाकलं होतं. चव तुमच्याबरोबर गेली, तर निदान मशीन तरी चालू राहील, असा माझा हिशोब.

स्मिताला मी फोनवर तेच सांगितलं. "तुझ्या आईचं प्रमाण जाऊबाईंनाच पाठ होतं गं. आता नाही जमणार."

ती म्हणाली, "काकू, त्यांना कुठं पाठ होतं? त्या तर दर वर्षी आईला बोलवून घ्यायच्या. मी आईला पाठवते ना."

आणि काल सकाळी, मी चादर काढून मशीन चालते का ते बघत होते, तेव्हा पाटीलकाकू आल्या. वाकल्या आहेत आता. काठी टेकत ओसरी चढल्या, तुमच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि पोत्यावर बसून घटकाभर डोळे पुसत राहिल्या. मग नाक शिंकरून म्हणाल्या, "काय व धाकटे, भट्टी पेटवतं का नाही? का रडतच बसाचं?"

मी धने भाजायला घेतले. त्या बसल्या जागेवरून सांगत गेल्या. दगडफूल शेवटी टाक, जळते लवकर. यंदा मिरची तिखट हाय, दोन मुठी कमी घे. जावयाले पित्ताचा त्रास झाला, लवंग अर्धीच. मी विचारलं, "काकू, हे सगळं जाऊबाईंना माहीत नव्हतं?"

"न माहीत व्हाले काय झालं? माह्याहून बेस माहीत होतं तिले." काकू हसल्या. "मीच म्हणत होतो, सुमन, इतली वर्सं झाली, तुले पाठ नाही का? कायले मले एसटीनं हेलपाटे घालाले लावतं? त म्हणे, काकू, पाठ हाय, पण मसाला तुमचा हाय. मी कुटणारी. तुम्ही सांगसान तसा करीन. दरसाल अशीच. फोन करन, नाहीत बलावन. एकेकीसंग दोन दोन घंटे."

ते दोन दोन तास मला आठवले. ऐन गर्दीत तुम्ही फोन कानाला लावून गप्पा मारत बसायचात आणि मी दातओठ खायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्यांशी सुखदुःखाचं बोलणं चाललंय. तेही चाललेलं असायचंच. म्हणजे तुमच्याबरोबर काहीच गेलं नव्हतं. ज्याचं होतं त्याच्याकडेच तुम्ही ते ठेवलं होतं, दर वर्षी विचारून ताजं करून. आज त्या सगळ्या बाया आपापल्या गावी आहेत, त्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत, आणि मला फक्त विचारायचं आहे. मला भट्टीपुढे हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. धुराचं निमित्त बरं होतं.

काकूंचा मसाला कुटून झाला. मी उखळ पुसलं, मीठ टाकलं, कुटलं, फेकलं, पुन्हा पुसलं. हात आपोआप चालले. पुसता पुसता मी व्यापाऱ्याचं सांगितलं. काकूंच्याच घरची चव होती, तेव्हा त्यांना सांगणं भाग होतं.

"हाव, ठाऊक हाय मले," काकू म्हणाल्या. "दिवाई झाल्यावर सुमनचा फोन आलता ना. काकू, तुमच्या घरचा मसाला एक व्यापारी मांगून राह्यला, देऊ का म्हणे. तुमचा हाय, तुम्ही नाही म्हनलं त विषय संपला."

म्हणजे तुम्ही विचारलं होतंत, जाऊबाई. ज्यांना विचारायचं त्यांनाच.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, माहा कायले देतं वं बाई? तुह्या घरचाच दे. थोच चांगला हाय."

मी फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "काकू, आमच्या घरचा तुम्हाला कसा माहीत?"

"घ्या! मले कसा माहीत म्हणते! दरसाल माहा कुटून झाला का तुमच्यातला एक डबा नेत होतो मी. माह्या सुना वांग्याच्या भाजीत दुसरा टाकू देत नाहीत. लेकराईले बी थोच लागते. कितीक वेळा तिले पुसलं, काय टाकतं व याच्यात? तिनं सांगतलं बी. मंग मी घरी करून पाह्यला, पण जमला नाही बाप्पा. म्हनून तिच्याच हातचा नेत होतो."

मी विचारलं, "कधीपासून?"

काकूंनी बोटं मोजली आणि सोडून दिली. "स्मिताच्या लग्नाच्या आंधीपासून. थे नाही का, मी तिले म्हनलं कलथा ठेव म्हनून... त्याच साली. थे भाकर खात बसली होती, मले म्हणे घ्या काकू. मी घेतली. भाजी अशी होती का मी लाजच सोडली, डबाच मांगतला."

मी तिथंच मशीनला टेकून खाली बसले. मुसळं थांबली होती. काकूंना वाटलं मला मिरची लागली, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आपल्याच माठातलं पाणी, आधी त्या प्यायल्या होत्या.

मग त्यांनी मला आपल्या घरचा मसाला सांगितला. आपल्या घरचा, मला, रोहिणखेडच्या काकूंनी. खसखस नाही, तीळ. खोबरं बेताचं. कांदा पातळ चिरून उन्हात कडकडीत वाळवायचा आणि तेलात काळपट करायचा. नागकेशर नावालाच. मिरची दोन जातींची, एक रंगाला, एक तिखटाला. वाळवलेला कांदा घरात होताच, मी आज सकाळी केला. काकू रात्री मुक्कामालाच राहिल्या होत्या, कारण अर्धवट सोडून जाववेना म्हणाल्या. दादा चुलीपाशी येऊन बसले होते. वास आल्यावर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच उभे राहिले. परत आले तेव्हा जेवायला वाढ म्हणाले. काकू आणि दादा शेजारी-शेजारी जेवले. काकूंनी भाजी चाखून मान थोडी हलवली. "जमला, पण सुमनचा नाही अजून. कांदा आणखी तळ पुढच्या वख्ताले."

व्यापाऱ्याला दुपारी फोन केला. म्हणाले, दुसऱ्या कोणाच्या घरची चव देणार नाही. आमच्या घरचा देते. आमच्या मशीनवर, आमच्या उखळातून निघेल तेवढा. पाकिटावर नाव आमचं, आडनावासकट. तो म्हणाला, नावाचं बघू, ताई, मार्केटमध्ये तसं चालत नाही. मी म्हणाले, मग मसाल्याचंही बघू. तो विचार करून सांगतो म्हणाला. सांगेल किंवा नाही सांगणार. परवापासून गल्लीतल्या दोघी कामाला येणार आहेत, त्यांना मी आधी उखळ पुसायला शिकवणार आहे. पंखा लावून घेतला आहे. त्याचा आवाज खरंच फार होतो, पण मी तो बंद करणार नाही. यावर तुमचं काही ऐकून घेणार नाही.

संध्याकाळी काकूंना एसटीत बसवून दिलं. त्यांच्या पिशवीत दोन डबे होते, एक त्यांचा आणि एक आपला. गाडी गेल्यावर मी स्टँडवर तशीच बसून राहिले. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं दर उन्हाळ्यात आपल्या ओसरीतून डब्यात भरून जात होतं. माझ्या नाकाखालून. मी विचारायचे, आपल्या घरचा त्यांच्या भाजीत पडेल का, आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत. एकदा सांगितलं असतंत तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. मी ओरडायचे तेव्हा तुम्ही का गप्प राहायचात, ते मला आत्ताही नीट समजलेलं नाही. काकूंचं नाव चारचौघांत काढायचं नव्हतं? की मला जिंकू द्यायचं होतं? मी लहान म्हणून? जिंकलेलं भांडण तुम्ही एवढी वर्षं माझ्याशी हरत का बसलात, जाऊबाई?